सहा हत्यारांचा ‘नवशिक्यांचा सेट’ : पोलाद खरं, खोक्यावरचं चित्र खोटं

पाचपैकी साडेतीन. पोलादाला मी साडेचार दिले असते, दांड्यांना तीन आणि खोक्यावर छापलेल्या चित्राला शून्य. सरासरी अशी कशी आली ते विचारू नका, हिशोब माझा आहे. लाकूड कातायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी म्हणून विकला जाणारा हा हाय स्पीड स्टीलचा सेट मी घासला, बोथट केला, पुन्हा धार लावली आणि भरपूर वापरला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असेच दांडे, असाच साचा असलेले सेट वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि खाली जे लिहिलंय ते त्यातल्या बऱ्याच सेटना लागू पडेल.

माझी नोकरी टूलरूममधली, लोखंड कातायच्या लेथवरची (काम फिरवत ठेवून त्याला धार लावायचं यंत्र). तिथे टूल हे टूल पोस्टमध्ये बोल्टांनी आवळून बसवलेलं असतं. सेंटर हाइट जमवा (टूलचं टोक फिरण्याच्या अक्षाच्या उंचीला), ओव्हरहँग (आधाराच्या पुढे निघालेली लांबी) कमी ठेवा, रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) बरोबर घासा, एवढं पाळलं की टूल निमूट काम करतं. निवृत्त झाल्यावर लाकडाच्या लेथसमोर उभी राहिले तेव्हा हेच तीन शब्द कामाला आले. फरक इतकाच की इथे टूल पोस्ट म्हणजे आपले दोन हात. म्हणून लाकडाच्या हत्यारांकडे मी एकाच नजरेने बघते : हे हत्यार कॅच लागायला, म्हणजे धार अचानक लाकडात रुतायला, किती वाव देतं, आणि लागलाच तर आधी काय सुटतं? लाकूड, हत्यार की माणूस?

ज्यांना अजून कॅच लागलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लाकूड आपल्या बाजूला वरून खाली येत असतं, त्यामुळे धारेवर येणारा जोर खालच्या दिशेने असतो. धार जिथे कापतेय ती जागा आणि हत्यार टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीवर) जिथे टेकलंय ती जागा, या दोन्ही एका रेषेत असतील तर हत्याराला वळायला कारणच उरत नाही. कापणारी जागा त्या टेकूच्या डावी-उजवीकडे सरकली की जोर हत्याराला पिळतो. टेकूपासून फार पुढे गेली की जोर टोक खाली दाबतो आणि दांडा वर उसळतो. दोन्ही वेळा धार आणखी खोल जाते. खोल गेली की जोर वाढतो, जोर वाढला की आणखी खोल. हे सगळं एखाद्या फेऱ्याच्या आत उरकतं. तेवढ्या वेळात सावध होणं कुणालाच जमत नाही. जी काळजी घ्यायची ती धार टेकवण्याआधीच.

खोक्यात आहे ते असं : २० मिमी रफिंग गाऊज, १० मिमी स्पिंडल गाऊज (गाऊज म्हणजे पन्हळीसारख्या पात्याचं हत्यार), २० आणि १२ मिमीचे दोन स्क्यू (तिरक्या धारेचे, चपटे), ३ मिमी पार्टिंग टूल (खाच पाडायला, तोडायला) आणि १२ मिमीचा गोल नाकाचा स्क्रेपर (खरवडायला). बाउल गाऊज, म्हणजे वाडगे कातायचा गाऊज, नाही. हे लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पोलाद एम-२ (हाय स्पीड स्टीलचा एक प्रकार) असल्याचं छापलंय. छापलेल्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही, म्हणून एका हत्याराची कड ग्राइंडरला हलकी टेकवली. ठिणग्या मंद, लालसर-नारिंगी आणि तुरळक निघाल्या. साध्या कार्बन स्टीलचा फुलबाजीसारखा फुटणारा पांढरा सडा नव्हता. म्हणजे माल खरा. याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. कार्बन स्टील ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. हाय स्पीड स्टील ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरी कडकपणा सोडत नाही. धार गेली की माणूस नकळत हत्यार ढकलायला लागतो, आणि ढकललेलं हत्यार कॅचला आयतं सापडतं. घासताना निळा रंग दिसला म्हणून घाबरून तापलेलं हाय स्पीड स्टील पाण्यात मात्र बुडवू नका. धारेला बारीक चिरा पडतात. थांबा, हवेत निवू द्या.

आता तो रफिंग गाऊज. हत्यार म्हणून उत्तम. चौकोनी ठोकळा दोन सेंटरमध्ये (लेथच्या दोन टोकांच्या अणींमध्ये) धरून गोल करायला याच्यासारखं दुसरं काही नाही, ढलप्या थेट खांद्यावर येऊन पडतात. पण खोक्याच्या झाकणावर जे रंगीत चित्र आहे त्यात एक हसरा गृहस्थ याच गाऊजने वाडग्याची बाहेरची बाजू कातताना दाखवलाय. हसू नको बाबा, खाली ठेव ते, असं ओरडावंसं वाटतं.

गाऊज हातात घ्या आणि धारेकडून दांड्याकडे बोट फिरवत या. पन्हळीचा भाग जिथे संपतो तिथे पोलाद एकदम आवळतं आणि एक चपटी शेपटी होऊन दांड्यात घुसतं. मी व्हर्निअर लावला. धारेकडे रुंदी २० मिमी, शेपटीच्या मानेपाशी ८ मिमी, जाडी ५. स्पिंडलचं काम (दोन टोकांत धरलेली लांब दांडी कातणं) करताना लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात, धार ते सलग सोलत जाते आणि टूल रेस्ट लाकडाच्या अगदी जवळ ठेवता येतो. ती मान एवढ्या कामाला पुरते. वाडग्याचं लाकूड बहुतेक वेळा आडवं बसवलेलं असतं. प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा तंतूंची लांबी येते आणि दोनदा त्यांची टोकं. ९०० आरपीएमला (मिनिटाला ९०० फेरे) सेकंदाला १५ फेरे होतात, म्हणजे सेकंदाला ३० वेळा एंड ग्रेन धारेवर आदळतं. त्यात वाडगा वळत गेला की टूल रेस्ट जवळ नेता येत नाही आणि हत्यार पुढे काढावं लागतं. रुंद धार, लांब ओव्हरहँग आणि ८ मिमीची मान. कॅच लागला तर वाकायची किंवा तुटायची जागा कारखान्यातच ठरलीय. तुटलेलं पातं मग कुठे जाईल ते सांगता येत नाही.

बाउल गाऊज भरीव गोल सळईत खाच पाडून केलेला असतो. त्याला अशी मानच नसते आणि त्याची कापणारी धारही एका वेळी अरुंदच भिडते. रफिंग गाऊज वाडग्याला लावायचा नाही हे कुठलाही जाणता कातारी सांगेल. आता कित्येक ठिकाणी या हत्याराचं नाव ‘स्पिंडल रफिंग गाऊज’ असं पूर्ण छापतात, ते याच कारणाने. आमच्या खोक्यावर नुसतंच ‘रफिंग गाऊज’ आहे.

हा सेट खरं तर माझ्या भाच्याने मागवला. खोकं उघडल्यावर त्याचा पहिला प्रश्न, “मावशी, एकच गाऊज दोन्हीला चालतो ना? मग तू बाउल गाऊज वेगळा घ्यायला का सांगत होतीस?” त्यात त्याचा काय दोष? आत बाउल गाऊज नाही आणि झाकणावर वाडगा, तर माणूस दुसरं काय समजणार! विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की चित्र ‘केवळ प्रातिनिधिक’ आहे. कशाचं प्रतिनिधित्व करतंय ते विचारायचं होतं, सोडून दिलं. झाकणावर काळ्या मार्करने फुली मारलीय.

स्क्यूवर जरा जास्त बोलणार आहे, कारण सेटमधलं हे सगळ्यात बदनाम हत्यार आणि मला सगळ्यात आवडणारं. कारखान्यातून आला तेव्हा २० मिमीच्या स्क्यूचे दोन्ही बेव्हल (धारेमागचे घासलेले उतार) सारखे नव्हते, एक बाजू दुसरीपेक्षा उभी होती. अशा स्क्यूने डावीकडे कातताना हात एका कोनात बसतो आणि उजवीकडे वळलात की सगळं बिनसतं. दोन्ही बाजू मिळून साधारण ३५ अंश होतील असं घासून घेतलं. यात वेळ गेला. नवशिक्यांसाठी म्हणून विकायचा सेट आणि पहिलं काम ग्राइंडरवरचं, हे मला पटलेलं नाही. नवशिक्याला बेव्हल बिघडलाय हे कळतही नाही, तो स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

स्क्यूच्या तिरक्या धारेला एक लांब टोक असतं आणि एक आखूड. दांडी गुळगुळीत करताना लांब टोक वर, आखूड टोक खाली, आणि कापायचं ते आखूड टोक ते धारेचा मध्य एवढ्याच भागाने. तेवढ्या भागाखाली टूल रेस्टचा आधार असतो. वर लांब टोकाकडे गेलात की जोर आधाराच्या बाहेर पडतो.

हे सांगून पटत नाही, म्हणून भाच्याला लेथ बंद ठेवून दाखवलं. प्लग काढला. टूल रेस्ट सेंटरच्या थोडा वर घेतला आणि गोल केलेल्या दांडीवर स्क्यू असा ठेवला की बेव्हल टेकलाय पण धार कापत नाही. “डाव्या हाताने हँडव्हील फिरव, सावकाश, माथा आपल्याकडे येईल असं,” म्हटलं. मी दांडा हळूहळू उचलत गेले. आधी नुसता घासल्याचा आवाज, मग धारेच्या खालच्या भागातून पातळ, अखंड साल निघायला लागली. ती धारेवर नेमकी कुठून निघतेय तिकडे बघत राहायला सांगितलं. मग स्क्यू किंचित वळवला. साल वर सरकली, मध्य ओलांडला, आणि दांडा माझ्या मुठीत फिरू पाहायला लागला. “आता तू धर,” म्हणून दांडा त्याच्या हातात दिला आणि चाक मी घेतलं. “अगं मावशी, हा वळतोय!” म्हणेपर्यंत लांब टोक लाकडात रुतलं आणि चाक अडलं.

हाताने फिरवलेलं चाक अडतं, मोटर अडत नाही. मोटर चालू असती तर तेच टोक दांडीवर खोल चर पाडत बाजूला पळालं असतं. कॅच लागलेली दांडी नंतर बघितलीत तर मोठ्या पिचचा एकच ओबडधोबड आटा पडलेला दिसतो. आम्हा लोखंडवाल्यांना असा आटा पाडायला गिअर लावावे लागतात, हा फुकट पडतो.

मुठीतलं ते वळणं ओळखीचं झालं की अर्धं शिक्षण झालं, कारण लेथ चालू असतानाही ते आधी जाणवतं. दांडा करकचून आवळलेला असेल तर मात्र नाही जाणवत. आणि शिकायला २० मिमीचाच घ्या. रुंद धारेवर लांब टोक कापणाऱ्या जागेपासून दूर राहतं. १२ मिमीच्या स्क्यूवर जरा हात हलला की साल नको तिथे पोहोचते. तो सध्या खणात ठेवून द्या.

स्क्यूबद्दल आणखी एक तक्रार. पात्याच्या चारही कडा करकरीत काटकोनात सोडल्यात. हाय स्पीड स्टीलची अशी कड बिडाच्या टूल रेस्टला बारीक खाचा पाडते. मग हत्यार सरकवताना खाचेत थबकतं, आपण जरा जोर लावतो, ते उडी मारून पुढे जातं आणि नेमकं तिथेच लाकडात घुसतं. आखूड टोकाकडची पात्याची कड ऑइल स्टोनवर घासून गोलसर करा. टूल रेस्ट सपाट कानशीने साफ करा, वर मेणाचा हात फिरवा. मेणाने फरक किती पडतो ते हत्यार सरकवून बघितल्यावरच कळेल. मोठमोठ्या सुरक्षा-सूचनांमध्ये या कानशीला कुणी जागा देत नाही, पण कितीतरी कॅच तिच्याच अभावी लागतात.

स्पिंडल गाऊज चांगला आला. धार बरी होती, नाक थोडं बोथट होतं, एवढंच. खळगा कोरताना सुरुवातीला पन्हळ आकाशाकडे उघडी ठेवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे नाक आत शिरतं. उघडी ठेवलीत तर गाऊज आधी बाजूला घसरतो आणि मग वरचा पंख (धारेची वरची बाजू) लाकडाला लागतो, की झालाच कॅच. उतरायचं नेहमी जाडीकडून बारकाईकडे, तळाशी थांबायचं, समोरची चढण चढायची नाही; दुसऱ्या बाजूने पुन्हा वरून उतरायचं. पार्टिंग टूलबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. खोल गाळ्यात ते दोन्ही बाजूंनी आवळलं जातं, म्हणून गाळा हत्यारापेक्षा जरा रुंद करत जा.

स्क्रेपरला लोक निरुपद्रवी समजतात. गाऊज अंगावर येतो म्हणून भीती वाटणारे वाडग्याच्या आत सरळ स्क्रेपर घालतात, आणि सगळ्यात दणदणीत कॅच तिथेच बसतात. स्क्रेपर रेस्टवर सपाट टेकवायचा, दांडा थोडा वर, धार थोडी खाली झुकलेली. कापते ती धारेवर घासताना राहिलेली बर, म्हणजे बारीक वळलेली कड, म्हणून दाबायची गरज नसते. धार वर रोखलेली असली तर कॅच ठरलेलाच.

उंचीचा मुद्दा मला इथे सेंटर हाइटमुळे लगेच उमगला. दाब आला की टोक खाली जाणार, हे गृहीत धरा आणि खाली गेल्यावर त्याला मोकळी जागा मिळेल असं बसवा. वाडग्याच्या बाहेरच्या बाजूने काम करताना टोक सेंटरवर किंवा किंचित खाली हवं, कारण तिथून खाली सरकलं तर गोलाई दूर जाते. आतल्या बाजूला नेमकं उलट : सेंटरच्या किंचित वर, कारण आतली पोकळी सेंटरशी सर्वांत रुंद असते, खाली गेलेलं टोक मोकळं सुटतं. आत असताना टोक सेंटरच्या खाली असेल तर दाबासरशी ते भिंतीत शिरतं. एका वेळी धारेचा थोडाच भाग लाकडाला लावा. गोल नाक त्याच गोलाईच्या खोबणीत चपखल बसवलंत तर अख्खी धार एकदम कापायला लागते, आणि तेवढा जोर कुठलाच हात पेलत नाही.

तसाही या सेटमधला स्क्रेपर वाडग्याच्या आत फार खोल नेऊ नये. कारण दांडे. सगळे २५० मिमीचे, दिसायला छान, गुळगुळीत पॉलिश, आणि लांबी सगळ्यांची सारखी. खोक्यात बसावेत म्हणून. टूल रेस्टपासून मागच्या हातापर्यंत ३०० मिमी धरा. धार रेस्टच्या पुढे २० मिमी असेल तर हाताला १५ पट फायदा मिळतो. धार ७५ मिमी पुढे गेली की तोच फायदा ४ पट उरतो, आणि हत्यार पुढे सरकल्यामुळे मागचे ३०० देखील कमी होतात ते वेगळंच. स्पिंडलच्या कामाला हे दांडे चालतात, रेस्ट लाकडापासून ३ ते ६ मिमीवर ठेवत गेलात तर. लाकूड बारीक होत जातं तसं अंतर वाढतं, म्हणून मधूनमधून लेथ थांबवून रेस्ट पुढे घ्या. थांबवून म्हणजे पूर्ण थांबवून, आणि चालू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून. पॉलिशबद्दल एवढंच की घाम आला की हात घसरतो. मी सगळ्या दांड्यांवरून जाडा पॉलिश पेपर फिरवला. हातमोजा घालून घसरण थांबवू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. फिरत्या लाकडाजवळ हातमोजे, लोंबती बाही, ओढणी, अंगठी, मोकळे केस यातलं काहीही नको.

सेटबरोबर एक प्लास्टिकचा चष्मा मोफत दिलाय. त्यावर ईएन १६६ (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपीय मानक) आणि एफ असा छाप आहे. कंपनीने फसवलंय असं नाही, एफ म्हणजे काय ते मात्र ठाऊक असू द्या. त्या चाचणीत ६ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारतात. गोळीचं वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी, त्यामुळे मार साधारण ०.९ ज्यूलचा. बी छापाच्या फेसशील्डला १२० मीटरने मारतात, म्हणजे सुमारे ६ ज्यूल. आता २५० मिमी व्यासाचा वाडगा ९०० आरपीएमवर घ्या. कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १२ मीटर. कॅच लागून अर्ध्या किलोचा तुकडा साधारण त्या वेगाने सुटला तर त्यात ३५ ज्यूल असतात. चष्मा सोडाच, फेसशील्डच्या चाचणीच्याही कितीतरी पट. ढलप्या, गाठीचे उडणारे बारीक तुकडे यांच्यासाठी पूर्ण चेहरा झाकणारा फेसशील्ड हवाच, हनुवटीखालपर्यंत येणारा. पण मोठा तुकडा येईल त्या रेषेत उभं न राहणं हाच त्याच्यावरचा खरा उपाय. लेथ चालू करताना लाकडाच्या समोरून बाजूला व्हा, वेग तळापासून चढवा, आणि टेलस्टॉक (लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) जमेल तितका वेळ लावलेला ठेवा. वेगासाठी इंचातला व्यास गुणिले आरपीएम ६००० ते ९०००च्या दरम्यान ठेवायचं गणित चालतं; १० इंचाला ६०० ते ९००. लाकूड एका अंगाला जड असेल तर त्याहून खाली.

धुळीसाठी खोक्यात काहीच नाही, मास्क वेगळा घ्या. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलेली आहे.

या सेटबरोबर माझ्या मते एक गोष्ट आवर्जून घ्यावी, ती म्हणजे दातेरी कड्याचं ड्राइव्ह सेंटर (मोटरच्या बाजूने लाकूड पकडून फिरवणारं टोक). नेहमीच्या चार पात्यांच्या सेंटरने लाकूड घट्ट पकडलेलं असतं, कॅच लागला की मोटरचा सगळा जोर हत्यारावर येतो. या सेंटरला मध्ये स्प्रिंगवरचं टोक आणि भोवती बारीक दात्यांचं कडं असतं. टेलस्टॉक बेताचा आवळला तर साधं काम आरामात होतं, पण कॅच लागला की लाकूड जागच्या जागी थांबतं आणि सेंटर दाते घासत नुसतं फिरत राहतं. मी कमी वेगावर मुद्दाम स्क्यूचं लांब टोक लावून पाहिलं. कर्रर्र आवाज, लाकूड थांबलं, दांडीवर आट्याऐवजी एक छोटा ओरखडा. टेलस्टॉक बेताचाच आवळण्यात या सेंटरचा जीव आहे. सुटू नये म्हणून करकचून आवळलंत तर ते साध्या सेंटरसारखंच वागतं. ओबडधोबड, जड ठोकळ्याला मात्र हे नको, तिथे घट्ट पकडच हवी. वेगळं सेंटर घ्यायचं नसेल तर लेथबरोबर येणारं, कडं असलेलं साधं डेड सेंटर हेडस्टॉकच्या (मोटरकडच्या टोकाच्या) टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, बसवूनही सरावापुरतं तेच काम होतं. टेपर जुळतोय का ते आधी बघा.

मग सेट घ्यावा का? खुर्चीचे पाय, हत्यारांचे दांडे, बुद्धिबळाची प्यादी असलं काम करायचं असेल, आणि ग्राइंडर असेल, तर जरूर घ्या. पोलाद बरीच वर्षं टिकेल. ग्राइंडर नसेल तर आधी ग्राइंडर घ्या, या सेटचं नंतर बघू. नुसते वाडगेच करायचे असतील तर यातली निम्मी हत्यारं पडून राहतील आणि जे हवं ते मिळणारच नाही. त्यापेक्षा एकच चांगला १० मिमीचा बाउल गाऊज घ्या, लांब दांड्याचा. १० मिमी हे माप खाचेचं की सळईचं तेवढं विचारून घ्या, दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींत हत्यार बरंच वेगळं येतं.

भाच्याने बाउल गाऊज मागवलाय. तोवर त्याला स्क्रेपरसाठी ४०० मिमीचा दांडा कातायला बसवलंय, याच रफिंग गाऊजने आणि याच स्क्यूने. पहिल्या दोन दांड्यांना आटे पडले. तिसरा बरा दिसतोय.